माघस्नानाची तोटी

माझी फजिती ऐकायची आहे ना? मग आधी कपबशी खाली ठेवा. मागच्या वेळी सांगितली तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला आणि धोतर भिजलं माझं. फजितीही माझी आणि धोतरही माझंच, हा कुठला न्याय?

तर गोष्ट आमच्या घाटावरची. घाट गंगेचा. नकाशावर तिला गोदावरी म्हणत असतील, आम्ही गंगाच म्हणतो. आणि ही गंगा तरी कशी? आमच्या बीड जिल्ह्याच्या पार वरच्या कडेनं, चुकून दुसऱ्याच्या वावरात पाय पडल्यासारखी घाईघाईनं निघून जाते. बाकीच्या जिल्ह्यात पाण्याची काय तऱ्हा आहे ते मी काय सांगायचं! पाहुण्याला आम्ही गूळ दोनदा देतो, पाणी एकदाच. वाहती तोटी दिसली की आमच्या माणसाचा हात आपोआप ती बंद करायला जातो, झोपेतसुद्धा. हे ध्यानात ठेवा, कारण सगळं रामायण तिथंच झालं.

मी बीडच्या मदरशातून पळालेला. निजामाचं राज्य, शाळेला मदरसाच म्हणायचे. का पळालो? मास्तर उर्दूतून भूगोल शिकवायचे आणि छडीनं गणित. मी एकदाच विचारलं, "कावून?" बास. त्या एका प्रश्नावर माझं शिक्षण पुरं झालं. तिथून थेट जालना गाठलं आणि कापसाच्या जिनिंगमध्ये ऑइल इंजिन पुसायला लागलो. चालवायला नाही हो, पुसायला. पण फडकं हातात घेऊन इंजिनाभोवती फिरणाऱ्या माणसाला काही दिवसांनी वाटायला लागतं, की हे आपल्यामुळंच चाललंय. मुकादमाशी भांडून घरी आलो तेव्हा गावात सांगितलं, "इंजिनातलं मला सगळं कळतं." गावात खोटं ठरवायला होतं कोण?

घरी तात्या. माझे सख्खे चुलते, गावचे पाटील. माझे वडील गेल्यावर त्यांनी मला वाढवलं असं ते चावडीवर सांगतात. मी वाढलो, एवढं खरं आहे. घाटाचा मक्ता त्यांच्याकडं. लोकांना नावेतून पैलतीरी सोडायचं काम. पण तात्यांना लाकडी नावेची लाज वाटायला लागली होती. हैदराबादला कुणा नवाबाची जुनी मोटरबोट निघाली ती त्यांनी घेऊन टाकली. नवाबसाहेब तिच्यात बसून तळ्यावर बदकं मारायचे. बदकं संपली म्हणून बोट काढली की नेम संपला म्हणून, ते काही कळलं नाही.

जालन्यापर्यंत ती रेल्वेनं आली आणि पुढं दोन बैलगाड्या एकमेकींना बांधून त्यांच्यावरून. वाटेत गावोगाव लोकांनी तिच्यापुढं नारळ फोडले. कोणता देव चाललाय हे एकानंही विचारलं नाही. आमच्याकडं मोठं काही आडवं आलं की आधी हात जोडतात.

बोटीबरोबर नवाबाचा मिस्त्री आला होता. त्यानं मला इंजिन सुरू करून दाखवलं, बंद करून दाखवलं. मग समजावून सांगायला लागला, "देखो मियाँ, ये पंप नदी का पानी खींचता है, इंजन के चौतरफ फिराता है, फिर…"

मी म्हणालो, "मालूम है, मालूम है. जिनिंग में था मैं."

"फिर वो पानी…"

"मालूम है ना!"

त्यानं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग इंजिनावरच्या घड्याळासारख्या तबकडीवर बोट ठेवलं. "ये पानी का जोर बताती है. काँटा बीच में रखना. बस." काकूनं वाढलेली भाकरी आणि ठेचा खाऊन तो त्याच दुपारी जालन्याला निघून गेला. ठेच्यामुळं असेल.

आणि त्याच आठवड्यात वर्दी आली, की अव्वल तालुकदार माघात दौऱ्यावर येणार आणि आमच्याच घाटावरून पलीकडं जाणार. अव्वल तालुकदार म्हणजे अख्ख्या जिल्ह्याचा मालक. तात्यांनी मला बोलावून घेतलं. शेजारी त्यांचा धाकटा पोरगा बाळ्या नाक ओढत उभा. माझ्या कमरेएवढा.

"नाम्या, नीट ऐक. सरकारला मोटरबोटीनं पार न्यायचं. सरकार पार झाले तर बोट तुझी, डायवर तू, कुणी तुला हटकणार न्हाई. न्हाई झाले, तर मुकाट गावच्या मदरशात जायचं अन् या बाळ्याच्या शेजारी तरटावर बसायचं."

बाळ्यानं माझ्यासाठी तिथंच जागा केल्यासारखं सरकून दाखवलं.

आता तुम्हीच सांगा, मिसरूड फुटलेल्या माणसानं अलीफ-बे गिरवत बसायचं? त्या पोरांत? मी मनाशी ठरवलं, जीव गेला तरी चालेल, पण सरकार पार झाले पाहिजेत. सरकारचा जीव गेला तर काय, याचा विचार केला नव्हता.

रोज पहाटे बोट घाटाला बांधून मी इंजिन चालवायला लागलो, हात बसावा म्हणून. आणि माघ लागला. माघ म्हणजे माघस्नान. पहाटे गंगेच्या गार पाण्यात बुडी मारायची, पुण्य लागतं. आमच्या म्हाताऱ्यांना पुण्य हवं असतं, गारठा नको असतो. त्यामुळं दरवर्षी काठावर उभं राहून अंगठा भिजवायचा, मोठ्यानं 'हर गंगे' ओरडायचं आणि कोरड्या धोतरानं घरी परत यायचं, अशी त्यांची रीत. त्यात सगळ्यांत मोठा आवाज जोशीबुवांचा. गावचे भटजी. सगळ्यांत कोरडेही तेच.

तर एका पहाटे जोशीबुवा अंगठा भिजवत उभे होते आणि बोटीच्या कुशीतल्या भोकातून पाणी भळभळा पडत होतं. इंजिनाभोवती फिरून आलेलं. वाफाळतं. बुवांनी हात लावला.

"पाटील! ओ पाटील! हे गरम हाय!"

तात्यांनी हात लावला. मग बुवांनी पाय घातला. मग दोघांनी एकमेकांकडं असं पाहिलं, जसं दोन चोर उघड्या दाराकडं पाहतात.

"पण बुवा, हे चालतंय का? म्हंजी गंगा म्हणायची का इंजिन म्हणायचं?"

जोशीबुवांनी डोळे मिटले. शास्त्र आठवायला त्यांना फार वेळ लागत नाही, कारण ते जागच्या जागी तयार होतं. "पाणी आलं गंगेतून. पडलं गंगेत. मधी लोखंडात शिरलं. तांब्यात भरलं म्हणून गंगा बाटती का? मग लोखंडात शिरली म्हणून कशी बाटंल?"

"अन् त्यावर हा तेलाचा तवंग?"

"अभ्यंग!" बुवा म्हणाले. संपलं. धर्म मोकळा झाला.

दुसऱ्या दिवसापासून गावातली यच्चयावत म्हातारी मंडळी माझ्या बोटीला लोंबायला लागली. पण पाणी भोकातून पसरट पडायचं, निम्मं बोटीच्या अंगावरून ओघळून जायचं. त्यावरून कुरकुर सुरू झाली. "नाम्या, धार नीट पडंना." "नाम्या, बादलीत येईना." "एवढं गरम पाणी वाया चाललंय बे, डोळे फुटले का तुझे?" आयुष्यभर गार पाण्याला न शिवलेले लोक, त्यांना आता धारेची तऱ्हा पसंत पडेना!

मला राग आला. मला राग आला की मी काम फार चांगलं करतो, हा माझा दोष आहे. घरी गेलो. काकूच्या न्हाणीतल्या तांब्याच्या बंबाला पितळी तोटी होती, ती काढली. बाभळीच्या लाकडाचा बुच तासला, त्याला भोक पाडून तोटी बसवली, चिंध्या आणि डिंक लावून बुच बोटीच्या त्या भोकात हातोडीनं ठोकला. मनगटाएवढं भोक होतं, आता तिथं करंगळीएवढी तोटी आली. काय धार पडली सांगू! सरळ, गोल, बादलीच्या मधोमध!

काकू घाटावर येऊन ओरडून गेली. "माझ्या बंबाची तोटी कोन्या मुडद्यानं नेली? बाप्यांची पुण्यं व्हायलीत अन् बायांनी काय राखंनं अंग घासायचं?"

तात्या साबण लावत म्हणाले, "देवाच्या कामात बायांनी बोलू न्हाई."

म्हाताऱ्यांनी मला आशीर्वाद दिले. अंघोळी झाल्या की शेवटचा माणूस तोटी घट्ट बंद करून जायचा. बोट गंगेत उभी, चारी बाजूंनी गंगा वाहतेय, पण तोटी बंद! सांगितलं ना, आमचा हातच तसा. तो शेवटचा माणूस बहुतेक मीच असायचो. मग मी बोट सोडून डोहात एक फेरी मारून यायचो.

आणि काटा चढायला लागला.

धार चालू असताना तो मध्याच्या जरा वर असायचा. अंघोळी आटोपून मी फेरीला निघालो की असा सरसर वर जायचा, जसा तात्यांचा आवाज चावडीवर जातो. पंपापासून इंजिनाकडं जाणारी रबरी नळी गाभण शेळीसारखी फुगायची. मी घाबरून इंजिन बंद करायचो. जरा वेळानं पुन्हा सुरू केलं की पुन्हा तेच.

पहिल्या दिवशी मला, खरं सांगतो, अभिमान वाटला. पाण्याचा जोर वाढलाय म्हणजे पंप जोमात आहे! जोर जास्त असणं वाईट कसं असेल? पैलवानाला कुणी म्हणतं का, की बाबा तुझा जोर जरा कमी कर? पण मिस्त्रीचे शब्द आठवले. काँटा बीच में. आणि दौरा जवळ आलेला. आणि बाळ्या रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून मोठ्यानं अलीफ-बे म्हणायचा. मुद्दाम.

घाटावर पंचायत बसली. आमच्याकडं एखादी गोष्ट बिघडली, की ज्याला तिच्यातलं काही कळत नाही तो आधी बोलतो. मान वयाप्रमाणं.

तात्या म्हणाले, "गंगेला जोर आलाय. वर कुटंतरी पाऊस झाला असंल."

"तात्या, माघात?"

"मला शिकवतो का बे? तुझ्या जल्माआधीपासून गंगा बघतोय मी!"

"बघताय, बघताय. अंगठ्यापुरती."

जोशीबुवांचं म्हणणं निराळं. "मी ध्यान ठिवून हाय. आमची स्नानं व्हतात, सूर्याला अर्घ्य दिलं जातं, अन् मगच काटा चढतो. यंत्रालाबी पुण्य लागतंय, पाटील. हा काटा न्हाई, हे तेज हाय!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी एकटा खदाखदा हसलो. काय अडाणी माणसं! अंघोळ झाली की काटा चढतो म्हणे! अंघोळीचा आणि इंजिनाचा काय संबंध?

हसा. हसून घ्या. मी थांबतो.

मी शास्त्रानं विचार केला. अंघोळी झाल्यावर काय होतं? ऊन पडतं. म्हणजे तबकडी उन्हानं तापते आणि काटा बिथरतो. सरळ आहे! मी तबकडीवर ओलं फडकं टाकलं. काटा दिसेनासा झाला. जरा वेळ फार बरं वाटलं. मग नळी फुगून शिट्टी वाजवायला लागली.

फडकं काढलं. तबकडी खोलून तोंडानं फुंकली, पुन्हा बसवली. काही फरक नाही. पंप खोलला, पुसला. पुसण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. पुसून पुन्हा लावला, काटा आणखी वर. साहजिक आहे, पंप स्वच्छ झाला ना! तोटीकडं माझं लक्ष गेलं नाही असं समजू नका. रोज जायचं. रोज मी तिच्यावरून प्रेमानं हात फिरवायचो आणि ठिबकत असली तर आणखी पिळायचो. पण तोटी म्हणजे अंघोळीचं खातं आणि पंप म्हणजे इंजिनाचं खातं. दोन खात्यांचा एकमेकांशी काही संबंध असतो, हे आपल्या सरकारात कुणाला तरी माहीत आहे का? मग मलाच कसं असावं?

आणि एका सकाळी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाण्याचा जोर जास्त, याचा अर्थ पाणी आत येतंय जास्त! मग येणारं कमी करा! एवढं सोपं!

बोटीच्या पोटाखाली पाणी ओढायचं भोक होतं, त्यावर जाळी. मी तात्यांचं उपरणं मागितलं. त्यांनी लगेच काढून दिलं, अंगावरचं. जन्मात पहिल्यांदा मला काहीतरी न बोलता दिलं असेल. मी गार पाण्यात बुडी मारली, उपरणं चौपदरी केलं आणि जाळीवर सुतळीनं आवळून बांधलं. दात वाजत वर आलो, इंजिन सुरू केलं.

काटा हलला. वर जायला लागला. थबकला. आणि बरोब्बर मध्यावर येऊन उभा राहिला, नव्या नवरदेवासारखा.

घाटावर असा गलका झाला म्हणता! तात्यांनी मला मिठी मारली. "पाटलाचं रगत हाय!" म्हणाले. जोशीबुवांनी तबकडीच्या काचेला कुंकू लावून नारळ फोडला. मी हाताची घडी घालून उभा. बाळ्याकडं पाहिलं. पोरगं त्या दिवशी अलीफ-बे विसरलं.

त्यानंतर मी फेऱ्या बंद केल्या. पेट्रोल जालन्याहून आणावं लागायचं, ते सरकारसाठी जपायचं होतं. पहाटे फक्त अंघोळीपुरतं इंजिन लावायचो. धार बारीक झाली होती, पण पाणी काय तापलेलं! जोशीबुवांची पाठ लाल मुळ्यासारखी झाली.

"आज पाणी लई कडक हाय रं नाम्या!"

"आवडलं का?"

"भाजलं की रं! पण असं भाजणारं पुण्य आजवर लागलं न्हवतं."

मी ती माझी तारीफ समजलो. काटा मध्ये होता ना!

दौऱ्याचा दिवस उजाडला. पलीकडच्या तीरावर मांडव, आंब्याचे डहाळे, तुतारीवाले, मदरशाची पोरं नावेनं आधीच पार जाऊन रांगेत हार घेऊन उभी. त्यात बाळ्या. अलीकडं तालुकदारसाहेब आले. ठेंगणे, जाडे, शेरवानी, रुमी टोपी, सोनेरी चश्मा. बोलणं फार कमी. बरोबर पेशकार, म्हणजे त्यांचा कारकून, तो सगळं बोलणार. तात्या कमरेत एवढे वाकले की मला वाटलं काहीतरी पडलंय ते शोधतायत.

बोटीत साहेब बसले, पेशकार बसला, तात्या बसले, आणि मंत्र म्हणायला म्हणून जोशीबुवाही घुसले. इंजिन लावलं. एका दमात सुरू! तेवढ्यात तात्या कुजबुजले, "नाम्या, तोटी ठिबकतीय. साहेबाफुडं बरं दिसत न्हाई."

ठिबकतेय? माझ्या बोटीची? मी वाकलो आणि ती अशी पिळली, अशी पिळली, की पितळ किरकिरलं.

निघालो. पाण्यावर बोट सुसाट. वाऱ्यानं तात्यांच्या मिशा उडतायत. पलीकडून तुतारी. मी छाती काढून उभा. डोळ्यापुढं मला दिसत होतं, मी या घाटाचा डायवर, गळ्यात रुमाल, आणि मदरशाचे मास्तर माझ्यापुढं हात जोडून म्हणतायत, नामदेवराव, जरा पार सोडता का?

डोहाच्या मध्यावर जोशीबुवांनी नाक वर केलं. "कुनाकडं तरी वांगी भाजायलीत."

तालुकदारांनीही वास घेतला. "ये बू कैसी?"

"कुछ नहीं सरकार," मी म्हणालो. "काँटा बीच में है."

जरा वेळानं इंजिनाचा हिरवा रंग फुगून पापडासारखा सुटायला लागला. पेशकार सरकून बसला. "अरे भई, बहुत गरम हो रहा है!"

"फिकर नको, साहेब. काँटा बीच में है."

मग धूर. काळा, घट्ट, विटांच्या भट्टीसारखा. पेशकार उभा राहून ओरडला, "धुआँ! धुआँ!" बोट डुलली. तात्यांनी माझी कॉलर धरली, "नाम्या, काय व्हायलंय?"

"काटा बघा ना तात्या! काटा! मध्येच हाय का न्हाई?"

सगळ्यांनी वाकून काटा बघितला. होता. मध्येच होता. कुंकवाच्या टिळ्यासकट.

आणि इंजिन, चावडीवर ओरडता ओरडता एखाद्या म्हाताऱ्याला मधेच ठसका लागावा तसं, खडखडलं, किंचाळलं आणि गप्प झालं. पाठोपाठ काटा हळूहळू खाली गेला आणि तळाशी जाऊन पडला. माझ्याकडं बोलायला एक वाक्य होतं, तेही गेलं.

नुसतं पाणी बोटीच्या कडेला चुळुकचुळुक वाजतंय. बोट धारेला लागली आणि हळूच आडवी वळून खालच्या अंगाला निघाली. वल्ही? वल्ही तात्यांनी घरी ठेवली होती. मोटरबोटीत वल्ही बरी दिसत नाहीत म्हणे.

आम्ही मांडवापुढून गेलो. काठापासून जरा आतूनच. तुतारीवाल्यांना वाटलं साहेब बोटीतूनच मानवंदना घेतायत, त्यांनी आणखी जोरात फुंकली. मदरशाची पोरं हार घेऊन काठाकाठानं पळायला लागली. मास्तर त्यांच्या मागं. साहेबांनी, सवयीनं असेल, हात वर केला. मग ओढा आडवा आला आणि पोरं मागं राहिली. बाळ्याचा आवाज तेवढा लांबून येत होता, "दादाऽऽ! तरटावर जागा हाय रंऽऽ!"

तालुकदारांनी चश्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग इंजिनाकडं बघत अगदी सावकाश मला विचारलं, "लडके, इसमें पानी आता कहाँ से है?"

"गंगेतून, सरकार. नीचे से."

"और जाता कहाँ से है?"

"इधर से…" मी म्हणालो आणि हात केला. हात तोटीवर गेला आणि तिथंच राहिला. बोटाला पितळ लागत होतं. गार होतं.

मला त्या क्षणी सगळं कळलं. मिस्त्री 'फिर वो पानी' म्हणून पुढं काय सांगणार होता, तेसुद्धा.

पण तात्यांना कळलं नव्हतं. त्यांना वाटलं साहेब कारभाराची चौकशी करतायत. ते हात जोडून पुढं सरकले. "सरकार, त्याची काळजीच नको. तोटी गच्च बंद हाय. एक थेंब बाहेर जाऊ दिला न्हाई."

जोशीबुवा मागं कसे राहतील? "अन् खालून आत येणारं बी बांधलंय, सरकार. पाटलाचं उपरणं. चौपदरी."

तालुकदारांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "यानी अंदर आने का रास्ता बंद."

"जी सरकार."

"और बाहर जाने का रास्ता भी बंद."

"जी सरकार!" तात्यांची छाती फुगली.

"और काँटा?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी गंगेकडं पाहिलं. तात्यांनीच उत्तर दिलं, "बीच में, सरकार."

बोट एका वळणावर जाऊन खर्रकन थांबली आणि तिरकी झाली. आम्ही सगळे फळ्यांना घट्ट धरून बसलो. बुडालो तर काय, म्हणून बुवा रामरक्षा म्हणायला लागले. पेशकार कलमा. किती वेळ तसे बसलो होतो देव जाणे. इतक्यात एक बाई म्हशी हाकत आमच्या बाजूनं आली. चालत. पाण्यातून. तिनं आमच्याकडं पाहिलं, म्हशींनीही पाहिलं.

"कावून बसलाय वो असे? उतरा की. गुडघाभर बी न्हाई पाणी."

साहेबांनी बूट काढून हातात घेतले, शेरवानी वर धरली आणि उतरले. त्यांच्यामागून आम्ही. वाळूवर आलो तेव्हा मी मागं वळून पाहिलं. आमचा घाट कुठं? नदीच्या पलीकडं, लांब, वरच्या अंगाला. म्हणजे आम्ही होतो कुठं? पैलतीरावर!

"तात्या!" मी ओरडलो. "सरकार पार झाले!"

तात्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की तिथं साहेब नसते तर मीही पार झालो असतो. मग ते तालुकदारांच्या पायाशी वाकून म्हणाले, "सरकार, माफी असावी. पोराला उद्याच मदरशात बशीवतो. जलमभर बाहेर काढत न्हाई."

तालुकदार एका दगडावर बसून बूट चढवत होते. वर न बघता म्हणाले, "नहीं पाटील. मदरसे में और भी बच्चे हैं."

पेशकार एवढा हसला की त्याची टोपी पाण्यात पडली. तात्याही हसले, कारण साहेब बोलले होते. काय बोलले ते त्यांना घरी गेल्यावर कळलं.

सरकारी हुकूम तो. मदरसा टळला. आणि पाटलाचा शब्द म्हणजे शब्द, सरकार पार झाले होते, तेव्हा बोटही माझी झाली. तात्यांनी तोंड फिरवून का होईना, पण दिली. इंजिन आतून असं जाम झालं होतं की घणानं फोडून काढावं लागलं. माजलगावच्या बाजारात ते मोडीत गेलं. आता बोटीत इंजिनाच्या जागी मोठा खड्डा आहे, त्यात लोक शेळ्या उभ्या करतात. मी मागं उभा राहून लांब बांबूनं बोट रेटतो. चढणारा प्रत्येक माणूस आधी खड्ड्यात डोकावतो, मग माझ्याकडं बघतो आणि विचारतो, "डायवरसायेब, मोटार कुटं हाय?"

हसू द्या त्यांना. पण कुणी काही म्हणा, एक गोष्ट छाती ठोकून सांगतो. बांबू हातात घेतल्यापासून माझ्या बोटीत पाण्याचा जोर एकदाही वाढलेला नाही!